लाखाचं मशीन आणि आतली जुनी तबकडी

महागडा संगणक हळू चालायला लागला की लोक दोष आधी स्वतःकडे घेतात. व्हायरस आला असेल, फोटो फार साठले असतील, मुलांनी काहीतरी डाउनलोड केलं असेल. रत्नागिरीपासून सावंतवाडीपर्यंत कुठल्याही बाजारपेठेत विचारा, पहिला सल्ला ठरलेला: "फॉरमॅट मारून घ्या." फॉरमॅट मारला की पंधरा दिवस बरं चालतं आणि मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. खरं कारण बऱ्याचदा खोक्यातून मशीन बाहेर काढलं त्या दिवसापासून आत बसलेलं असतं. सुरेख पडदा, नव्या पिढीचा प्रोसेसर, लाखाच्या घरातली किंमत, आणि या सगळ्याच्या पाठीमागे मिनिटाला ५४०० फेरे मारणारी, फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क.

मार्च २०१९ मध्ये ॲपलने आयमॅकची, म्हणजे पडद्यामागेच सगळा संगणक असलेल्या मशीनची, नवी आवृत्ती काढली. २१.५ इंची मॉडेलला ४के पडदा आणि इंटेलचा आठव्या पिढीचा प्रोसेसर होता. मूळ किमतीत मिळणारा साठा मात्र १ टीबीची ५४०० आरपीएमची डिस्क. भारतात हे मशीन लाखाच्या वर होतं. त्या वर्षी याच कंपनीच्या एकाही नव्या लॅपटॉपात फिरणारी डिस्क उरलेली नव्हती, आणि घरी पीसी जोडणारा कॉलेजातला मुलगासुद्धा बजेटमध्ये छोटी एसएसडी, म्हणजे फिरणारा भाग नसलेला चिपवरचा साठा, बसवत होता. ऑगस्ट २०२० मध्ये सगळ्या आयमॅकना मूळ किमतीतच एसएसडी मिळायला लागली. म्हणजे अडचण तंत्राची नव्हती. विंडोजच्या बाजूलाही तेच. टचस्क्रीन असलेली, दर्शनी भागावर चकचकीत स्टिकर लावलेली कितीतरी ब्रँडेड ऑल-इन-वन (पडदा आणि संगणक एकत्र असलेली) मशीन आतून लॅपटॉपच्या आकाराची तीच संथ डिस्क घेऊन विकली गेली. आज कोकणातल्या फोटो स्टुडिओत, छापखान्यात, पतपेढीत आणि शाळेच्या ऑफिसात कुरकुरत बसलेली मशीन बरीचशी त्याच काळातली आहेत.

ही डिस्क नेमकी किती मागे आहे, याचा हिशेब करून बघण्यासारखा आहे. मिनिटाला ५४०० फेरे म्हणजे एका फेऱ्याला सुमारे ११ मिलिसेकंद. हवी ती जागा हेडखाली (माहिती वाचणाऱ्या टोकाखाली) यायला सरासरी अर्धा फेरा लागतो, म्हणजे साडेपाच मिलिसेकंद. त्याआधी हेड योग्य वर्तुळावर न्यायला १२ मिलिसेकंदांच्या आसपास जातात. एकेका वाचनाला असे सतरा-अठरा मिलिसेकंद धरले तर सेकंदाला विखुरलेले पंचावन्न-साठ तुकडे वाचून होतात. तुकडा ४ किलोबाइटचा असेल तर सेकंदाला पाव एमबीसुद्धा भरत नाही. तीच डिस्क एखादी मोठी सलग फाइल वाचताना १०० एमबीच्या पुढे जाते, आणि माहितीपत्रकात मिरवला जातो तो हा दुसरा आकडा. पण संगणक सुरू होताना, कोरल ड्रॉ उघडताना, पाचशे-सातशे मराठी फॉन्ट लोड होताना, लग्नाच्या दोन हजार फोटोंच्या छोट्या प्रतिमा तयार होताना लागतात ते विखुरलेले तुकडे. साध्यातली साधी साटा (जुन्या डिस्कच्याच जोडणीची) एसएसडी असे हजारो तुकडे सेकंदाला देते, कारण तिथे फिरायला आणि सरकायला काही नाहीच. प्रोसेसर सहा कोअरचा असो की आठचा, तो डिस्कच्या दारात उभा राहून वाट बघतो. चांगला प्रोसेसर आणि ही डिस्क एका कॅबिनेटमध्ये घालणं म्हणजे गिऱ्हाइकाने प्रोसेसरसाठी दिलेले पैसे वाया घालवणं.

यात आणखी एक गोम आहे, ती दुकानात कुणी सांगत नाही. पातळ, २.५ इंची, १ टीबीच्या बऱ्याच अलीकडच्या डिस्कमध्ये माहितीच्या पट्ट्या एकमेकींवर थोड्या चढवून लिहिलेल्या असतात. कौलारू छपरासारखंच हे. मधलं एक कौल फुटलं तर वरची चार उचलल्याशिवाय ते बदलता येत नाही. तसंच इथे मधली एक पट्टी बदलायची तर शेजारच्या सगळ्या वाचून, बाजूला ठेवून, पुन्हा लिहाव्या लागतात. डिस्क नवी आणि मोकळी असताना हे जाणवत नाही. ती अर्ध्याच्या वर भरली आणि रोजचं पुसणं-लिहिणं सुरू झालं की वेग मध्येच बसतो, कर्सर गोल फिरत राहतो, आणि वापरणाऱ्याला वाटतं मशीन हँग झालं. फॉरमॅट मारल्यावर पंधरा दिवस बरं का चालतं, त्याचं उत्तर काही अंशी इथे आहे.

मॅकवर यात आणखी भर पडली. २०१७ मध्ये ॲपलने एपीएफएस ही नवी फाइल व्यवस्था आणली, ती एसएसडी डोळ्यांसमोर ठेवून. यात जुन्या जागेवर न लिहिता प्रत्येक बदल नव्या जागी लिहिला जातो. एसएसडीला त्याने काही फरक पडत नाही. फिरत्या डिस्कवर मात्र फाइलींची यादीच डिस्कभर विखुरली जाते आणि साधं फोल्डर उघडतानाही हेडला पळापळ करावी लागते. २०१८ च्या मोहावे आवृत्तीपासून ही व्यवस्था फिरत्या डिस्कवरही आली. म्हणजे कंपनीचं सॉफ्टवेअर एसएसडी गृहीत धरायला लागलं होतं, आणि त्याच कंपनीचं विक्री खातं पुढची दोन वर्षं ५४०० ची डिस्क विकत होतं. फ्यूजन ड्राइव्हची कथाही याच वळणाची. २०१२ मध्ये ही सोय आली तेव्हा १ टीबीच्या डिस्कसोबत १२८ जीबीची एसएसडी असायची आणि ती खरोखर चांगली चालायची. २०१५ मध्ये १ टीबीच्या मॉडेलातली एसएसडी २४ जीबीवर आणली गेली, २०१७ मध्ये ती ३२ जीबी झाली. नाव तेच राहिलं. चोवीस जीबीत ऑपरेटिंग सिस्टिम आणि थोडी रोजची कामं बसली की संपलं, बाकी सगळं परत तबकडीवर.

असं का करतात, हे कळायला फार खोलात जावं लागत नाही. '१ टीबी' हा आकडा '२५६ जीबी'पेक्षा मोठा दिसतो. मूळ किमतीचं मॉडेल मुद्दाम थोडं अडचणीचं ठेवलं की गिऱ्हाईक वरच्या पायरीवर जातो. रॅमचंही तेच. २०२१ च्या एम१ आयमॅकला मूळ किमतीत ८ जीबी मेमरी होती, आणि ती १६ करायला भारतात २०,००० रुपये जास्त मोजावे लागत. ती मूळ किमतीतच १६ व्हायला ऑक्टोबर २०२४ उजाडला.

तरी नुसत्या जुन्या भागाबद्दल माझी तक्रार एवढी तीव्र नाही. किंमत सांभाळायला कुणी स्वस्त डिस्क घातली, तर दोन वर्षांनी ती काढून चांगली बसवता येते. राग येतो तो तोच भाग पक्का डकवून टाकण्याचा. २००९ ते २०११ च्या आयमॅकची काच लोहचुंबकावर बसलेली असायची. दोन सक्शन कप लावून ती उचलली की आतले स्क्रू दिसायचे. २०१२ मध्ये कड ५ मिलिमीटरवर आणली आणि पडदा चिकटपट्टीने कायमचा डकवला. कड पातळ दिसते खरी, पण मागे पोट आहेच, आणि टेबलावर बसलेला माणूस कड बघत काम करत नाही. २०१५ च्या ४के मॉडेलात २१.५ इंची मशीनची रॅम बोर्डवर डकवली गेली. २०१२ च्या मॅक मिनीचं तळाचं झाकण हाताने फिरवून निघायचं आणि रॅम पाच मिनिटांत बदलायची. २०१४ च्या मिनीत रॅम बोर्डावर पक्की झाली, आणि ते मशीन तशाच अवस्थेत २०१८ पर्यंत विकलं गेलं. २०१३ च्या गोल मॅक प्रोची गत सर्वांत वाईट. व्यावसायिकांसाठी म्हणून आलेलं ते सर्वांत महाग मशीन. एप्रिल २०१७ मध्ये कंपनीनेच पत्रकारांना बोलावून मान्य केलं, की त्याच्या उष्णता बाहेर टाकण्याच्या रचनेमुळे त्यात नवं ग्राफिक्स बसवता येत नाही. पुढचं मॉडेल आलं डिसेंबर २०१९ मध्ये. सहा वर्षं जुन्या भागांना जवळपास नव्याची किंमत.

कोकणात हे जास्त का झोंबतं, ते इथे राहणाऱ्याला सांगायला नको. अधिकृत सर्व्हिस म्हटली की बहुतेकांना घाट चढून कोल्हापूर गाठायचं, नाहीतर मुंबई किंवा गोवा. २७ इंची आयमॅक साडेनऊ किलोचा, पुढे सगळी काच. तो एसटीच्या पार्सलमध्ये टाकायची कुणाची हिंमत होत नाही, आणि जुलैत आंबा घाटात दरड आली की तोही मार्ग बंद. शिवाय इथे मशीन तीन वर्षांनी बदलत नाहीत. मुंबईच्या घरात नवं आलं की जुनं गणपतीला येताना गाडीत घालून गावी आणलं जातं आणि पुढची सात-आठ वर्षं तिथे चालवलं जातं. अशा मशीनला उघडता येणं हीच सर्वांत मोठी सोय असते.

आता हाताशी आहे त्या मशीनचं काय करायचं ते बघू. आधी खात्री करून घ्या की दुखणं डिस्कचंच आहे. विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि परफॉर्मन्समध्ये डिस्कवर जा. डिस्क १०० टक्के, प्रत्यक्ष वेग सेकंदाला एक-दोन एमबी आणि प्रोसेसर १५-२० टक्क्यांवर निवांत, असं चित्र दिसलं तर दुसरं काही शोधत बसू नका. मॅकवर सिस्टिम रिपोर्टमध्ये साठ्याच्या नोंदीत 'रोटेशनल' लिहिलेलं असेल तर ती फिरती डिस्क. मग तिची तब्येत बघा. विंडोजसाठी क्रिस्टल डिस्क इन्फो हे मोफत साधन पुरतं. त्यात ०५, सी५ आणि सी६ या तीन ओळी महत्त्वाच्या. सी५ मध्ये शून्याव्यतिरिक्त काही दिसलं तर डिस्कवर वाचता न येणाऱ्या जागा तयार झाल्या आहेत. अशा वेळी फॉरमॅट मारणं, चेकडिस्क (विंडोजचा डिस्क तपासणारा प्रोग्रॅम) चालवणं, सगळं थांबवा आणि आधी महत्त्वाच्या फाइली बाहेर काढा. मरायला टेकलेल्या डिस्कवर चेकडिस्क तासन्‌तास चालवून उरलासुरला डेटा घालवल्याची उदाहरणं गावोगाव आहेत.

आयमॅकसाठी माझं स्पष्ट मत आहे: पडदा कापू नका, बाहेरून एसएसडी लावा. २०१७ आणि २०१९ च्या मॉडेलांना मागे दोन यूएसबी-सी आकाराचे थंडरबोल्ट ३ पोर्ट आहेत. त्यावर १० गिगाबिटचं एनव्हीएमई एन्क्लोजर, म्हणजे वेगवान प्रकारची एसएसडी बसवायची डबी, लावलं तर सेकंदाला ९०० एमबीच्या आसपास वेग मिळतो. २०१२ ते २०१५ च्या मॉडेलांत साधा यूएसबी ३ पोर्ट वापरावा लागतो, तिथे ४०० च्या आसपास. सलग वेग निम्मा झाला तरी चिंता नको, कारण आपल्याला हवे आहेत ते विखुरलेले तुकडे आणि त्यात दोन्ही तबकडीच्या कित्येक पट पुढे आहेत. ५०० जीबी घ्या. सिस्टिम, प्रोग्रॅम आणि चालू काम तिच्यावर ठेवा. जुने लग्नाचे अल्बम आतल्या डिस्कवर राहू द्या.

सुरुवात वेगळ्या डिस्कवर टाइम मशीन बॅकअप घेण्यापासून करा. मग डिस्क युटिलिटी उघडून व्ह्यू मेनूत 'शो ऑल डिव्हायसेस' निवडा. इथेच बहुतेकांचं गाडं अडतं. यादीत सर्वांत वरचं, म्हणजे प्रत्यक्ष उपकरणाचं नाव निवडून ते पुसायचं असतं. लोक खालचा व्हॉल्यूम पुसतात, विभागणी जुनीच राहते, आणि मग इन्स्टॉलर या डिस्कवर बसवता येत नाही म्हणून सांगतो. प्रकार एपीएफएस, योजना जीयूआयडी पार्टिशन मॅप. मग मॅकओएस या नव्या डिस्कवर इन्स्टॉल करा, मायग्रेशन असिस्टंटने जुनं सगळं ओढून घ्या आणि स्टार्टअप डिस्कमध्ये नवी निवडा. मशीन हट्टाने जुन्यावरूनच सुरू होत असेल तर चालू करताना ऑप्शनचं बटण दाबून धरलं की निवड विचारली जाते. २०२० च्या २७ इंची मॉडेलात टी२ ही सुरक्षेची चिप आहे. त्यात आधी कमांड आणि आर दाबून रिकव्हरीत जाऊन, स्टार्टअप सिक्युरिटी युटिलिटीत बाहेरच्या माध्यमावरून बूट करायची परवानगी द्यावी लागते.

एन्क्लोजर ॲल्युमिनियमचं घ्या. प्लास्टिकच्या डबीत एनव्हीएमई तापते आणि मे महिन्याच्या दुपारी वेग धापकन खाली येतो. डबी स्टँडच्या मागे वेल्क्रोने बांधा, कारण सिस्टिमच तिच्यावर आहे. झाडलोट करताना केबल निघाली तर मशीन जागच्या जागी गोठतं आणि उघडी फाइल जाते. यूएसबीवरून ट्रिमची (पुसलेली जागा एसएसडीला कळवण्याची) सोय बहुधा मिळत नाही, म्हणून १५-२० टक्के जागा रिकामी ठेवा.

आतली डिस्क बदलणारे कारागीर आहेत, आणि चांगले आहेत. पण काम जोखमीचं आहे. पडद्याभोवतीची चिकटपट्टी पातळ चकतीने कापायची, काच जास्त तिरपी न करता वरच्या दोन केबली सोडवायच्या, आतला पॉवर सप्लाय उघडा असतो त्याला हात लागू द्यायचा नाही, आणि शेवटी नव्या पट्ट्यांचा संच लावायचा. पट्ट्या जुन्याच दाबून लावल्या तर काही महिन्यांत पडदा खालून सुटायला लागतो. २०११ च्या मॉडेलात तर वेगळंच नाटक आहे. डिस्कचं तापमान डिस्कमध्येच भरलेल्या कंपनीच्या खास प्रोग्रॅममधून (फर्मवेअरमधून) कळतं, म्हणून बाजारातली डिस्क लावली की पंखा पूर्ण वेगाने घोंघावतो. २७ इंची मॉडेलवाल्यांना एक दिलासा आहे. पॉवर केबल काढली की तिच्या खाचेत एक बटण दिसतं, ते दाबलं की मागचं छोटं दार उघडतं आणि रॅमचे चार स्लॉट समोर येतात. २०१७ च्या मॉडेलाला डीडीआर४ २४००, २०१९ ला २६६६, दोन्ही लॅपटॉपच्या आकाराच्या.

पैसे घालण्याआधी वय बघा. २०१७ च्या आयमॅकला शेवटचं मॅकओएस म्हणजे वेंचुरा, २०१९ च्या मॉडेलाला सिक्वोया. २०१९ च्या आधीच्या मशीनवर नेट बँकिंग करू नये. छपाईच्या फाइली लावायला, टंकलेखनाला ते नेटशिवाय खुशाल वापरावं.

विंडोजच्या ऑल-इन-वनमध्ये काम बरंच सोपं असतं, फक्त कुणी उघडून बघत नाही. मागचं झाकण एक-दोन स्क्रू आणि बाकी क्लिपांवर असतं. जुनं एटीएम कार्ड कडेने फिरवलं की सुटतं. कितीतरी मशीनच्या बोर्डवर एम.२ चा (छोट्या पट्टीसारख्या एसएसडीचा) स्लॉट कंपनीने रिकामा सोडलेला असतो. मॉडेल नंबर टाकून सर्व्हिस मॅन्युअल उतरवून घ्या आणि तो स्लॉट एनव्हीएमई घेतो की फक्त साटा, ते वाचा, कारण दिसायला दोन्ही सारखेच. एसएसडी दाबून धरणारा इवलासा स्क्रू बहुतेकदा कंपनीने दिलेलाच नसतो, तो आधी मागवून ठेवा. एका स्क्रूसाठी मशीन आठ दिवस उघडं पडून राहतं. जुन्या डिस्कची हुबेहूब प्रत (क्लोन) नवीवर काढण्याआधी बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला कुलूप लावणारं साधन, चालू आहे का ते बघा आणि त्याची रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या. २०१७ नंतरच्या काही मशीनमध्ये इंटेलची १६ जीबीची ऑप्टेन मेमरी डिस्कला वेग द्यायला जोडलेली असते. ती इंटेलच्या प्रोग्रॅममधून आधी बंद करायची. तशीच उपटली तर डिस्कवरचा डेटा वाचता येत नाही. बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) डिस्कच्या जोडणीचा, म्हणजे साटाचा मोड आरएसटीवरून एएचसीआय करायचा असेल तर आधी एमएसकॉन्फिगमध्ये सेफ बूट लावा, मोड बदला, एकदा सेफ मोडमध्ये सुरू होऊ द्या आणि मग सेफ बूट काढा. हे न करता मोड बदलला की निळा पडदा येतो आणि बिचाऱ्या नव्या एसएसडीवर खापर फुटतं.

रॅम बघताना ८ जीबीची एकच पट्टी असेल तर तशीच दुसरी लावा. ग्राफिक्स प्रोसेसरातलंच असतं तेव्हा दोन पट्ट्यांचा फरक डोळ्यांना दिसतो. ब्रँडेड टॉवरमध्ये ग्राफिक्स कार्ड घालायचा बेत असेल तर आधी एसएमपीएस, म्हणजे आतला वीजपुरवठ्याचा डबा, बघा. अनेक कंपन्या स्वतःच्याच आकाराचा आणि स्वतःच्याच जोडणीचा एसएमपीएस वापरतात, बाजारातला त्यात बसत नाही. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. सातव्या पिढीच्या मशीनमध्ये म्हणूनच साधी साटा एसएसडी घालून थांबावं, महागडी एनव्हीएमई घेऊ नये.

किनाऱ्यावरच्या हवेचा विचार केल्याशिवाय यातलं काहीच टिकत नाही. वाऱ्याबरोबर आलेलं बारीक मीठ पंख्यातून आत जाऊन धुळीबरोबर बोर्डवर बसतं. हवेतली सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून विरघळायला लागतं, आणि जून ते सप्टेंबर आपल्याकडे आर्द्रता त्याच्या वरच असते. बोर्डवर वीज वाहणारा ओलसर थर तयार होतो, तांबं हिरवं पडतं, रॅमचे संपर्क बिघडतात. मालवण, गुहागर, हर्णैसारख्या ठिकाणी पावसाळ्यात मशीन आठवडाभर बंद ठेवण्यापेक्षा रोज तासभर चालू ठेवलेलं बरं, आतली ऊब ओल बसू देत नाही. समुद्राकडच्या खिडकीसमोर ऑल-इन-वन नको. रॅम खोडरबराने घासायची सवय सोडा, सोन्याचा पातळ मुलामा त्याने झिजतो. ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि न झडणारं कापड वापरा. उघडणारं मशीन असेल तर हे काम पावसाळ्याआधी आणि नंतर अर्ध्या तासाचं आहे. डकवलेल्या मशीनमध्ये ते होतच नाही, आणि मीठ आपलं काम करत राहतं.

अर्थिंगचा प्रश्नही इथलाच. जांभ्या कातळावर घर असेल तर अर्थिंगचा खड्डा खोल जात नाही आणि मार्चनंतर तो कोरडा पडतो. आयमॅकच्या ॲल्युमिनियमला किंवा कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर अर्थिंग तुटलं आहे असं समजा. एसएमपीएसच्या फिल्टरमधले कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल या दोन्हींपासून पत्र्याला जोडलेले असतात, त्यामुळे अर्थ नसेल तर पत्र्यावर साधारण निम्मा दाब येऊन बसतो. वायरमनकडून मल्टिमीटरने न्यूट्रल आणि अर्थमधला दाब मोजून घ्या. दोन-तीन व्होल्टच्या आत असला तर ठीक. खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी घालत राहणं हा उपाय जुना आहे आणि खरा आहे.

यूपीएस घेताना ६०० व्हीएचा साधा प्रकार ऑल-इन-वनला पुरतो. त्यात १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी असते आणि ती नवी असताना १२० वॉटच्या मशीनला पंधरा-वीस मिनिटं देते. काम वाचवून मशीन बंद करायला एवढं खूप झालं, अल्बम पूर्ण करायला नाही. दोन-तीन वर्षांत बॅटरी बसते. मोठ्या एसएमपीएसच्या टॉवरला प्युअर साइन वेव्ह यूपीएस बघा. काही एसएमपीएस चौकोनी लहरीवर वीज गेल्याबरोबर बंद पडतात आणि लोक यूपीएस बदलत बसतात. मे अखेरीच्या आणि ऑक्टोबरच्या गडगडाटात पॉवरचा प्लग काढाच, पण राउटरची केबलही काढा. कितीतरी बोर्ड लॅनच्या वाटेने जळतात.

आणि पूर. २२ जुलै २०२१ ला चिपळूणच्या बाजारपेठेत पाणी भरलं तेव्हा तळमजल्यावरच्या दुकानांत संगणक बुडाले. अशा मशीनला वीज लावायची नाही, उन्हात ठेवायचं नाही. आतली डिस्क सुटी असेल तर ती काढून, डेटा परत मिळवून देणाऱ्यांकडे पाठवता येते, आणि फिरत्या डिस्कमधून बरंच काही वाचतंही. साठा बोर्डवर डकवलेला आणि त्याची कुलूपकिल्ली त्याच बोर्डवरच्या चिपमध्ये असेल, तर बोर्ड गेला की डेटा गेला. एम१ नंतरच्या आयमॅकचं असंच आहे. असं मशीन वापरणाऱ्याने बॅकअपची एक डिस्क घराच्या वरच्या मजल्यावर नाहीतर दुसऱ्या गावात ठेवायलाच हवी.

नवं घेणाऱ्याला एवढंच सांगेन, की पडदा आणि प्रोसेसर यांच्या आधी साठ्याची ओळ वाचा. तिथे नुसतं '१ टीबी' असेल तर प्रकार विचारा. रॅमचे स्लॉट किती, रिकामे किती, एम.२ आहे का, झाकण उघडल्यावर वॉरंटी राहते का, हे दुकानदाराला फोनवर नको, व्हॉट्सॲपवर लेखी विचारा आणि बिलावर डिस्कचा प्रकार लिहून घ्या. डकवलेलंच मशीन घ्यायचं ठरलं असेल तर मेमरी आणि साठा खरेदीच्या दिवशीच पुढच्या आठ वर्षांच्या हिशेबाने घ्यावा लागतो, नंतर वाट नाही. मोकळीक हवी असेल तर त्याच पैशात चांगला मॉनिटर वेगळा आणि साधा टॉवर वेगळा घ्या. टॉवर दिसायला देखणा नसतो. तो कणकवलीतला मुलगाही उघडतो आणि डिस्क दुसऱ्या दिवशी कुरिअरने येते.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली तेव्हा शेतीची अवजारं, मोबाइल-टॅबलेट, घरगुती उपकरणं आणि वाहनं अशी चार क्षेत्रं धरली होती. डेस्कटॉपचं नाव त्यात वेगळं नाही, आणि ते यायला हवं. तोवर बिलावर लिहिलेलं एक आणि आत बसवलेलं दुसरं निघालं, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर मराठीतूनही तक्रार घेतो. बिल, खोक्यावरचं लेबल आणि टास्क मॅनेजरमधल्या डिस्कच्या पानाचा फोटो, हे तिन्ही कागद हाताशी ठेवून फोन लावा.